एक तारीख, दोन सण आणि गावची सभा

(नागपूर येथे प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत एका खेडेगावच्या शिक्षकाने केलेले भाषण.)



आम्ही खेड्यातले मास्तर. अध्यापक विद्यालयात शिकलो ते मराठीतून, आणि शिकवतो तेही मराठीतूनच. तेव्हा आमच्या तोंडून पांडित्य ऐकावयास मिळेल अशी आशा कोणी बाळगू नये. पण वीस वर्षे शाळेच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगता टांगता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती आपल्यापुढे ठेवतो. देवाधर्माचा सण आणि देशाचा दिवस एकाच तारखेस आले म्हणजे गावात काय होते, कोणाचे चालते, आणि कोणाचे बुडते, हा आमचा विषय आहे.

प्रथम एक हलकी गोष्ट सांगतो. २०१३ साली पोळा ५ सप्टेंबरला आला. तो शिक्षक दिनही होता. आम्ही धुतलेले कपडे घालून शाळेत गेलो, तो वर्गात चार मुली आणि दोन मुले! बाकीची सारी बैलांच्या शिंगांना बेगड लावण्यात गुंतलेली. संध्याकाळी तोरणाखाली झुली घातलेल्या बैलांची पूजा झाली, त्यांस पुरणपोळी मिळाली, आणि आम्ही कोपऱ्यात उभे राहून पाहत होतो. आम्हांस राग आला नाही. जू दोघांच्याही मानेवर असते. त्या वर्षी पाळी बैलाची होती इतकेच. असा योग आला आणि हसून सुटला, तर कोणाचे काही जात नाही.

पण सगळेच योग असे हसून सुटत नाहीत. २०२५ साली २ ऑक्टोबर या एका तारखेस किती गोष्टी येऊन बसल्या ते पाहा. गांधीजींचा जन्मदिवस, आणि लालबहादूर शास्त्रींचाही. दसरा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्या हस्ते बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांस दिली, तो दिवस तिथीने अशोक विजयादशमीचा. म्हणून दीक्षाभूमीवरचा मेळाही त्याच दिवशी. १९२५ साली याच शहरात विजयादशमीस राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला, त्याचे शंभरावे वर्षही त्याच दिवशी भरले. वर्ध्याकडे जाणारा मनुष्य सेवाग्रामला निघाला होता, आणि वर्ध्याहून येणारा दीक्षाभूमीला. रूळ तेच, दिशा दोन. १९३२ च्या पुणे करारात एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोन थोर पुरुष त्या दिवशी दिनदर्शिकेच्या एकाच चौकोनात बसले होते.

शिवाय गंमत पाहा. २००७ पासून संयुक्त राष्ट्रसंघाने २ ऑक्टोबर हा अहिंसेचा जागतिक दिवस ठरविला आहे, आणि दसऱ्यास तर घरोघर शस्त्रे पुसून पुजतात. आमच्या घरी शस्त्र म्हणजे विळा, कुऱ्हाड आणि मुलांचे कंपासपेटीतले करकटक; त्यांवर आम्ही झेंडूचे फूल वाहिले आणि गांधीजींच्या तसबिरीस सुताचा हार घातला. दोन्ही एकाच हातांनी केले. त्यात आमचे काही बिघडले नाही.

आता, हा योग कोणी ग्रहांनी घडविला काय? मुळीच नाही. हा निव्वळ हिशेब आहे, आणि तो चौथीच्या मुलासही समजतो. चंद्राचा महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढण्यास सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक महिना धरतात. म्हणून दसरा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत मागेपुढे हलत राहतो. मुसलमान बांधवांच्या वर्षात अधिक महिना नाही. म्हणून त्यांची ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येत येत सारे ऋतू फिरते. आणि चंद्राचे २३५ महिने भरले की सूर्याची जवळजवळ नेमकी १९ वर्षे होतात. म्हणून २००६ साली दसरा २ ऑक्टोबरला आला होता, तो १९ वर्षांनी २०२५ साली पुन्हा त्याच तारखेस आला. देशाचा दिवस खुंट्यासारखा एका जागी रोवलेला, सण दाव्याने बांधलेल्या वासरासारखा भोवती फिरणारा. फिरता फिरता कधीतरी खुंट्यास अंग लागणारच! त्यात शुभ नाही, अशुभ नाही, आणि दक्षिणा देऊन शांत करावे असेही काही नाही.

जी गोष्ट हिशेबाने होते, ती माणसाच्या हातात असते, हे बहुजन समाजाने पक्के ध्यानात धरावे. दिवस माणसेच ठरवितात. शिवछत्रपतींची जयंती सरकार १९ फेब्रुवारीस करते, कित्येक मंडळी ती फाल्गुन वद्य तृतीयेस करतात; महाराज एकच, जयंत्या दोन. गांधीजींची जयंती गुजरातेत भाद्रपद वद्य द्वादशीस ‘रेंटिया बारस’ म्हणूनही पाळली गेली. आणि बाबासाहेबांनी दीक्षेसाठी साधी तारीख न घेता सम्राट अशोकाच्या नावाने ओळखली जाणारी दशमी घेतली. जुन्या दिवसास नवा अर्थ दिला. आता धम्मदीक्षेचा दिवस तिथीनेही होतो आणि १४ ऑक्टोबरलाही. म्हणजे थोर माणसे पंचांगाच्या मागून जात नाहीत. ती दिवसास आपल्या कामाला जुंपतात.

असो. आता आमच्या गावची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती सांगण्यास आम्हांस थोडी लाजही वाटते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची आपल्या राज्यात वहिवाट आहे. त्याप्रमाणे आमच्या गावीही त्या दसऱ्याच्या सकाळी ग्रामसभा भरली. बौद्ध वस्तीतली बहुतेक मंडळी आदल्या रात्रीच दीक्षाभूमीस गेलेली. बायका घरात सणाच्या रांधपात. तरुण पोरे आपट्याची पाने तोडावयास शिवारात. सभेस गणपूर्ती म्हणून शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जो आकडा कमी असेल तो पुरतो. आमच्या गावी सहाशेच्या वर थोडे मतदार. तेव्हा नव्वद-पंचाण्णव माणसांत काम भागले. सभा कायदेशीर झाली. कायद्याचे बोट ठेवावयास कोठेही जागा नाही. आणि त्या सभेत वस्तीतल्या नालीसाठी आधी बोललेले पैसे गावाच्या प्रवेशद्वाराच्या कमानीस द्यावे, असा ठराव झाला. कोणी विरोध केला नाही, कारण विरोध करणारे तेथे नव्हते.

आम्ही मात्र तेथे होतो. प्रार्थनेसाठी मुले घेऊन गेलो होतो, आणि ठराव वाचला गेला तेव्हा मागच्या ओळीत बसलो होतो. सणासुदीच्या दिवशी कोठे वाद वाढवावा, असे मनाशी म्हणून आम्ही गप्प बसलो. दोन दिवसांनी आमच्या वर्गातली त्या वस्तीतली एक मुलगी दीक्षाभूमीच्या मेळ्यातून शाळेसाठी आणलेले पुस्तक घेऊन आली. पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “सर, आमची नाली कोणी खोडली? तुम्ही होते ना तिथं?” बंधुहो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकवीत नाहीत.

त्या दिवसापासून आम्हांस एक कसोटी सापडली. दोन दिवस एकत्र आले म्हणजे कोणता मोठा आणि कोणता लहान, हा वाद व्यर्थ आहे. विचारावयाचे ते इतकेच, की या योगामुळे घराबाहेर कोण राहिले? कोणाचे पान वाढले गेले नाही? रोजंदारीच्या मनुष्यास विचारा. ज्या कामगारांस भरपगारी सुट्या मिळतात, त्यांच्या दोन सुट्यांची एक झाली की एक दिवसाचा विसावा गेला. आणि ज्यास सुटीच नाही, त्यास दोन्ही दिवस सारखेच कोरडे.

शहाणपणाचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. गणपतीचे विसर्जन निर्विघ्न व्हावे म्हणून ठिकठिकाणच्या मुसलमान बांधवांनी आपली मिरवणूक पुढे ढकलली, आणि सरकारने ईदची सुटी २९ तारखेस दिली. पैगंबरांचा जन्म त्यामुळे एक दिवसाने पुढे गेला नाही. शेजारधर्म मात्र पुढे गेला. परंतु नेहमी एकानेच मागे सरावे आणि दुसऱ्याने त्याची तारीफ करावी, हाही न्याय नव्हे. यंदा एकाने, पुढे दुसऱ्याने, अशी पाळी असली तरच तो शेजारधर्म.

म्हणून आपणां शिक्षकांपुढे आम्ही तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, वर्षाच्या आरंभी दिनदर्शिका फळ्यावर मांडून कोणते सण कोणत्या राष्ट्रीय दिवसावर येतात हे मुलांकडूनच काढून घ्यावे. गणितही होईल आणि शेजाऱ्याचा सणही कळेल. दुसरी, शाळेत असे दोन दिवस एकत्र आले तर प्रत्येकास त्याची वेगळी वेळ द्यावी. एकाच हारात दोन तसबिरी गुंडाळू नयेत, आणि कोणत्याही मुलास ‘तू इकडचा की तिकडचा’ असे विचारू नये. तिसरी, आणि ही सर्वांत महत्त्वाची: ज्या सभेत गावाचा पैसा वाटला जातो, ती सभा कोणाच्याही मोठ्या सणाच्या दिवशी घेऊ नये, यासाठी आपण आधी बोलावे. झेंडा, प्रार्थना, स्वच्छता त्या दिवशी अवश्य व्हावी. पैशाचा ठराव मात्र सारे गाव घरी असेल त्या दिवशी व्हावा. सण पुढे ढकलता येत नाही, तिथी कोणासाठी थांबत नाही, पण सभा पुढे ढकलता येते. आणि हे वेळेवर सांगणारा मनुष्य गावात बहुधा मास्तरच असतो.

आमच्या गावी पुढच्या ग्रामसभेत त्या नालीचा विषय पुन्हा घ्यावा, असा अर्ज वस्तीतल्या बायकांनी दिला आहे. त्यावर साक्षीदार म्हणून आम्ही सही केली आहे. या वेळी आम्ही मागच्या ओळीत बसणार नाही. त्या मुलीला उत्तर द्यावयाचे राहिले आहे, ते सभेत उभे राहूनच द्यावे लागेल.