परमुलखात फोन नेताना

साकीनाक्याच्या पुलाखाली घटकाभर उभं राहिलं, की कुर्ल्याकडच्या अंगाला एखादं तरी विमान उतरताना दिसतंच. एकीकडे अंधेरी-कुर्ला रस्ता, एकीकडे पवईच्या दिशेनं गेलेला साकीविहार रस्ता, डोक्यावर २०१४ पासून धावणारी मेट्रो, आणि जरीमरीच्या वस्तीला लागून विमानतळाची भिंत. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल इथून जवळ. म्हणून आमच्या भागातल्या लॉजांत आणि नातेवाइकांच्या बिऱ्हाडांत नेहमी कोणी ना कोणी निघण्याच्या आदल्या रात्रीचा पाहुणा असतो. कधी रत्नागिरी-चिपळूणकडचा, आखातात निघालेला तरुण असतो. कधी हजला निघालेलं वृद्ध जोडपं, कधी कृषी खात्याच्या अभ्यास दौऱ्यावर निघालेले शेतकरी, तर कधी जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलीला पोचवायला आलेले गावाकडचे मास्तर.

या मंडळींच्या सामानात कुळथाचं पीठ असतं, लोणच्याची बरणी असते, तिला चार पिशव्यांचं वेष्टन असतं. पासपोर्ट दहा वेळा चाचपून पाहिलेला असतो. फक्त खिशातल्या फोनची चौकशी कोणी केलेली नसते. "फोन आहे की, त्यात काय पाहायचं?" इथंच फसगत होते. म्हणून आज त्याबद्दलच चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आमचा एक भाचा संगमेश्वर तालुक्यातला. वातानुकूलित यंत्रांच्या दुरुस्तीचं काम शिकून शारजाला नोकरीवर निघाला. गावातल्या दुकानदारानं त्याच्या फोनवर परदेशातली सेवा चालू करून दिली आणि वर ५०० रुपयांचा टॉकटाइम भरला. पोरगं निर्धास्त! शारजाला उतरला, फोन चालू केला, आणि वाडीतल्या लग्नाचे व्हिडिओ, गणपतीच्या मंडळाचे फोटो, सगळं आपोआप फोनमध्ये उतरायला लागलं. कंपनीच्या माणसाला फोन लावायला गेला, तर ५०० रुपये संपलेले. एकही शब्द न बोलता! पाच तास तो बाहेर उभा होता आणि इकडे माझी बहीण देवापुढं निरांजन लावून बसली होती. विमानतळावर फुकट वाय-फाय असतं, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

हे असं का होतं, ते आधी समजून घेऊ. आपलं सिम कार्ड म्हणजे ओळखीची चिठ्ठी आहे असं समजा. परक्या देशात फोन उघडला, की तिथली कंपनी ती चिठ्ठी वाचते आणि आपल्या कंपनीला विचारते, "हा गडी तुमचाच का? याचे पैसे तुम्ही भराल का?" आपली कंपनी "हो" म्हणते, आणि मग तिथले मनोरे आपलं काम करतात. प्रत्येक मिनिटाची, प्रत्येक संदेशाची, इंटरनेटच्या प्रत्येक तुकड्याची नोंद होते. ते बिल आपल्या कंपनीला जातं आणि ती आपला नफा त्यावर चढवून आपल्याकडून वसूल करते. यालाच रोमिंग म्हणतात. दोन दुकानदार मधे आले, तेव्हा माल महाग होणारच.

वडीलधाऱ्या श्रोत्यांना यातली एक गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्या देशात मोबाइलवरचं पहिलं संभाषण १९९५ च्या ३१ जुलैला झालं, कलकत्त्याहून दिल्लीला. त्या काळी बोलायला तर पैसे पडतच, पण आलेला फोन घेतला तरी पडत. २००३ साली ते बंद झालं आणि आपण विसरून गेलो. परदेशात रोमिंगवर मात्र तो जुना कायदा अजून जिवंत आहे बरं का! गावाहून मावशीनं सहज "जेवलास का" विचारायला फोन केला, तर तो उचलण्याचे पैसे तुम्हाला पडतात. घंटा वाजली आणि उचलला नाही, तर सहसा काही पडत नाही. त्यामुळं आपली मिस्ड कॉलची युक्ती तिकडेही चालते. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन घंटा म्हणजे सवडीनं बोलतो, असा संकेत घरच्यांशी ठरवून ठेवावा. ट्रंक कॉलच्या दिवसांत साधा, त्याच्या दुप्पट दराचा अर्जंट आणि आठपट दराचा लायटनिंग असे प्रकार होते. तेव्हाही माणसं असले संकेत करीतच असत.

आता इंटरनेटचं पाहू. बोलण्याचा खर्च निदान कानाला कळतो; इंटरनेटचा खर्च मुका असतो. फोन खिशात झोपलेला दिसला, तरी तो आतल्या आत फोटो चढवतो, व्हिडिओ उतरवतो, आपली ॲप ताजी करतो. समजा, पॅक न घेता एका एम.बी.ला पाच रुपये असा दर आहे. दहा एम.बी.चा एक छोटासा व्हिडिओ आला, की पन्नास रुपये गेले. असे दहा आले, की पाचशे. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावं. त्रैराशिकाला याहून जिवंत उदाहरण मिळायचं नाही. उपाय अगदी साधा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये "डेटा रोमिंग" नावाची एक कळ असते, ती विमानात बसण्यापूर्वीच बंद करावी. व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणंही बंद करता येतं. ज्यांचं पोस्टपेड कनेक्शन आहे, त्यांनी तर दुप्पट सावध राहावं. प्रीपेडवाल्याचे असतील तेवढेच पैसे जातात, पोस्टपेडवाल्याला परत आल्यावर बिल येतं.

मग करावं काय? ते किती दिवसांसाठी निघालात यावर आहे. आठ-दहा दिवसांचा दौरा असेल, तर आपल्याच कंपनीचा परदेशी पॅक घ्यावा. ठरावीक पैसे, ठरावीक दिवस, ठरावीक मिनिटं. तो घेताना तीन प्रश्न विचारायला लाजू नये: हा पॅक नेमक्या कोणत्या देशांत चालतो? आलेले फोन त्यात धरले आहेत का? आणि दिवस कधीपासून मोजायचा, पॅक घेतल्यापासून की तिकडे पोचल्यापासून? वाटेत विमान बदलायचं असेल, तर त्या मधल्या देशाचंही विचारावं. युरोपात निघालेल्यांनी हे विशेष पाहावं. युरोपीय संघाच्या देशांत २०१७ च्या जूनपासून तिथल्या सिमवर जादा रोमिंग लागत नाही, जर्मनीत घेतलेलं सिम फ्रान्समध्ये बहुधा त्याच दरात चालतं. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. डोंगर ओलांडला, की दर बदलू शकतो, आणि फोन काही डोंगराची खूण सांगत नाही.

महिना-दोन महिने किंवा वर्ष-दोन वर्षं राहायचं असेल, तर तिथलंच सिम घेणं शहाणपणाचं. पासपोर्ट दाखवून ते मिळतं. काही ठिकाणी बोटांचे ठसेही घेतात. हे सिम स्वतःच्याच नावावर घ्यावं. खोलीतल्या सोबत्याच्या किंवा अनोळखी दलालाच्या नावाचं सिम स्वस्त मिळालं तरी वापरू नये. त्या नंबरावरून आधी कोणी काय उद्योग केले असतील, ते निस्तरणं परक्या पोलिसांपुढं आपल्या वाट्याला येतं. हल्लीच्या बऱ्याच फोनांत दोन सिमं बसतात, काहींत कार्ड न घालता ई-सिम चालतं. एका घरात आपलं भारतातलं सिम ठेवावं, त्याचं इंटरनेट बंद. दुसऱ्या घरात तिथलं, त्यावर इंटरनेट चालू. नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का म्हणून विचारील, तर नाही म्हणावं. जुन्याच नंबरावर ते खुशाल चालतं आणि गावातल्या माणसांना काही नवीन साठवावं लागत नाही.

इथं मला सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचं आहे. तिथलं सिम मिळालं, की आपलं इकडचं सिम पुष्कळ जण टाकून देतात. "दर महिन्याला शे-दोनशे रुपये कशाला भरायचे?" आमच्या शेजारचे एक वेल्डर खैरानी रोडच्या गाळ्यात काम करीत, ते कुवेतला गेले आणि त्यांनी हेच केलं. सात-आठ महिन्यांनी वडिलांना चिपळूणला दवाखान्यात ठेवावं लागलं. पैसे होते, इथल्याच बँकेत होते, यांच्याच घामाचे होते. पण बँकेचा ओटीपी, म्हणजे तो सहा आकड्यांचा परवलीचा शब्द, जायचा त्या बंद पडलेल्या नंबरावर. बँकेनं सांगितलं, नंबर बदलायला कागदपत्रं घेऊन शाखेत या. कुवेतहून शाखेत कसे येणार? शेवटी धाकट्या भावानं गावात शेकडा तीन रुपये महिना व्याजानं चाळीस हजार उचलले. म्हणजे महिन्याला बाराशे रुपये नुसतं व्याज! वाचवले किती आणि गेले किती, ते तुम्हीच पाहा.

नव्वद दिवस नंबर वापरला नाही, तर तो बंद होऊ शकतो, आणि पुढं काही काळानं दुसऱ्याच माणसाला मिळूही शकतो. मग आपल्या बँकेचे निरोप त्या परक्याच्या हातात! म्हणून इकडचा नंबर लहानात लहान रिचार्जवर जिवंत ठेवावा. तो भरण्याचं काम घरातल्या शाळकरी मुलाकडं तारखेसह सोपवावं. निघण्यापूर्वी परदेशी सेवा चालू आहे ना, याची खात्री करावी, कारण ती नसेल तर तिकडे ओटीपीही पोचत नाही. रोमिंगवर आलेल्या लेखी संदेशाला सहसा पैसे पडत नाहीत, तरी कंपनीला विचारून घ्यावं. जे दीर्घकाळ राहणार, त्यांनी बँकेत जाऊन आपलं खातं अनिवासी करून घ्यावं. २०२३ पासून अमिराती, सौदी, कतार, ओमान, अमेरिका, इंग्लंड अशा दहा देशांतल्या नंबरांवर अनिवासी खात्याला यूपीआय जोडायची मुभा मिळालेली आहे. गंमत अशी, की त्या पहिल्या दहांत कुवेत नव्हतं.

वाय-फाय मिळालं, की बोलणं फुकट, अशी एक समजूत आहे. ती सगळीकडे खरी नाही. संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सॲपवरून लिहिलेले संदेश जातात, पण त्यावरून बोलणं आणि चेहरा पाहणं तिथं वर्षानुवर्षं रोखलेलं आहे. तिथल्या सरकारनं परवानगी दिलेली वेगळी ॲप आहेत, काहींना महिन्याचे पैसे भरावे लागतात. घरी तेच ॲप आईच्या फोनवर घालून, कसं उघडायचं ते आधीच शिकवून ठेवावं. दुबईहून शिकवता येत नाही. तूर्त एक बिनखर्ची वाट अशी, की आवाज भरून संदेश पाठवावा. पूर्वी आखातातली माणसं कॅसेटवर आवाज भरून गावी येणाऱ्याबरोबर पाठवीत, तसाच हा प्रकार, फक्त पोचायला महिना लागत नाही. आणि हे ज्यांना वाचता येत नाही अशा आजीलाही चालतं.

विमानात आणि बोटीवर फोन "विमान मोड"वर ठेवावा, केवळ वैमानिक सांगतो म्हणून नव्हे. काही विमानांत आणि मोठ्या जहाजांत उपग्रहाला जोडलेलं छोटंसं नेटवर्क असतं. उघडा फोन ते पकडतो, आणि साध्या पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. कोकणातली पुष्कळ मुलं जहाजांवर आहेत, त्यांना हे ठाऊक असतं. प्रवासी माणसाला नसतं.

नंबरांचंही एक सांगून टाकतो. आपण इथं नुसते दहा आकडे साठवतो. परदेशातून ते लागत नाहीत. पुढं अधिक चिन्ह आणि ९१ हवेत. अमिरातींचा क्रमांक ९७१, सौदीचा ९६६, कुवेतचा ९६५, जर्मनीचा ४९. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकच घंटा वाजून फोन तुटला, तर उलट फोन करू नये; तो गळ असतो. आणि हे सगळं फोनमध्ये असलं, तरी पाच नंबर कागदावर लिहून पासपोर्टात ठेवावेत: घरचा, कंपनीच्या माणसाचा, राहण्याच्या जागेचा, बँकेचा आणि तिथल्या भारतीय वकिलातीचा. फोनची बॅटरी संपली, की फोनमधला नंबर असून नसल्यासारखा.

आमच्या भाच्याचं पुढं सुरळीत झालं. तिथलं सिम घेतलं, इकडचं जिवंत ठेवलं. आता फक्त वेळेचं ठरायचं होतं. माझी बहीण दिवेलागणीला सातच्या सुमारास फोन करी, तेव्हा शारजात साडेपाच वाजलेले असत आणि हा कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर यंत्र उघडून बसलेला असे. हल्ली ती रात्री साडेनऊला भाकऱ्या आटोपून बसते, तिकडे आठ वाजलेले असतात, आणि पहिली घंटा तोच देतो.