मजकूर निवडताना घ्यावयाची दक्षता
(घाटंजी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ लागू झाला आणि राज्यकारभार मराठीतून चालू लागला. तेव्हा ठराव हाताने किंवा टंकलेखन यंत्रावर लिहिला जाई. चूक झाली की कागद नव्याने चढवावा लागे. आज संगणकावर जुना ठराव उघडून त्यातच बदल करता येतो. मात्र या सोयीतच धोका दडलेला आहे. एका ठरावात मागील वर्षाची रक्कम तशीच राहिलेली मी पाहिली आहे. माउस ओढून मजकूर निवडताना शेवटची ओळ सुटली होती. दुरुस्ती होईपर्यंत गावाचे काम खोळंबले.

म्हणून निवडीच्या काही सोप्या रीती सांगतो. वर्डमध्ये शब्दावर दोनदा क्लिक केल्यास तो शब्द निवडला जातो, तीनदा केल्यास संपूर्ण परिच्छेद. डाव्या समासात एकदा क्लिक केल्यास ओळ मिळते. मजकूर अनेक पानांचा असेल तर आरंभी क्लिक करावे, नंतर शिफ्ट कळ दाबून धरून शेवटी क्लिक करावे; मधला सारा मजकूर अचूक निवडला जातो. कंट्रोल व शिफ्ट दाबून बाणाची कळ वापरल्यास शब्दाशब्दाने पुढे जाता येते. कंट्रोल व ए या कळांनी सर्व मजकूर निवडला जातो.

कंट्रोल दाबून क्लिक केल्यास वाक्य निवडले जाते, परंतु येथे सावध राहावे. ‘ता. घाटंजी, जि. यवतमाळ’ असे लिहिलेले असेल तर ‘ता.’ मधील टिंब यंत्रास पूर्णविराम वाटते आणि निवड तेथेच थांबते. आपल्या प्रत्येक अर्जात असे पत्ते असतात. अशा वेळी शिफ्ट-क्लिकचीच रीत विश्वसनीय होय.

आणखी एक गोष्ट. मजकूर निवडलेला असताना चुकून एखादे अक्षर उमटले तर तो सर्व मजकूर जाऊन त्या जागी तेवढेच अक्षर राहते. घाबरू नये, लगेच कंट्रोल व झेड दाबावे, मजकूर परत येतो.

शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांना शिकवावे आणि सदस्यांनी सही करण्यापूर्वी नाव, गट क्रमांक व रक्कम वाचून पाहावी. कापूस वेचणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज एका चुकीच्या आकड्यापायी अडू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.