इन हॉस्पिटल की इन द हॉस्पिटल?

‘नवरा हॉस्पिटलमध्ये आहे’ हे मराठीत डॉक्टरच्या बायकोलाही चालतं, पेशंटच्याही. इथल्या इंग्रजीत मात्र ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे दाखल झालेला. ‘इन द हॉस्पिटल’ असेल, तर तो कुणाला भेटायला किंवा कामावरही गेलेला असेल. अमेरिकेत दाखल पेशंटलाही ‘द’ लावतात, म्हणून तिथल्या मालिका बघून शिकू नका!

आपल्याकडे हा भेद नाहीच, असं नाही हं. ‘डॉक्टर शोधतेय’ म्हणजे कुणीही चालेल. ‘डॉक्टरांना शोधतेय’ म्हणजे ठरावीक.

रात्री बाळ तापलं, १११ला फोन केलात, तर ‘अ टेम्परेचर’ म्हणा. त्या ‘अ’मुळेच ताप कळतो. तो विसरलात तरी नर्स समजून घेईल. थर्मामीटरवरचा आकडा मात्र सांगा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं आणि ताप ३८ अंश किंवा जास्त असेल, तर सकाळची वाट बघू नका.