आठ लाखांच्या आत की बाहेर? जुनी स्प्रिंगफील्ड रायफल घेण्याआधी

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली थोडी पुनरुक्ती काढली आहे.)

 

आपण इथे जुन्या यंत्रांबद्दल बोलतो. आजचं यंत्र जरा वेगळं आहे. ओहायोमधून एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याच्या शेजारच्या बाईंचे यजमान गेले. घरातल्या वस्तू विकायला काढल्यात आणि त्यात एक रायफल आहे. अक्रोडाच्या लाकडाचा सुंदर दस्ता, वर दुर्बीण, चकाकणारा बोल्ट. तो लिहितो, "दादा, स्प्रिंगफील्ड १९०३ आहे. काका चाळीस वर्षं हिने हरणं मारत होते. बाई फार कमी किंमत सांगतायत. मला ग्रीन कार्ड आहे, शिकारीचा परवाना आहे. घेऊ का?"

सोबत फोटो होते. मी दस्ता बघितला नाही, दुर्बीण बघितली नाही. आधी नंबर झूम केला. सहा लाखांच्या घरातला होता. आणि मी त्याला कळवलं, "थांब. आज पैसे देऊ नकोस."

का, तेच आज सांगतो.

आधी ही रायफल म्हणजे काय ते बघू. अमेरिकेच्या सैन्याने १९०३ मध्ये स्वीकारलेली ही बोल्ट-ॲक्शन रायफल. रचना इतकी जर्मन माऊझरच्या वळणाची, की अमेरिकन सरकारला माऊझर कंपनीला रॉयल्टी द्यावी लागली. मॅसॅच्युसेट्समधली स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि इलिनॉयमधलं रॉक आयलंड आर्सेनल, या दोन सरकारी कारखान्यांत ती बनायची. १९०६ मध्ये तिला नवं काडतूस मिळालं, ते म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स. ते आजही दुकानात मिळतं.

सैनिकी रायफल कापून, घासून, नवा दस्ता लावून शिकारीची करायची, याला तिकडे 'स्पोर्टराइझ' करणं म्हणतात. थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिका सफारीला अशीच घडवून घेतलेली स्प्रिंगफील्ड नेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तर सैन्याच्या जुन्या रायफली स्वस्तात मिळायला लागल्या आणि गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये हे काम सुरू झालं. काही कारागीर देवमाणूस होते. काही जण हातात ड्रिल आलं म्हणून कारागीर झाले होते. आज ऐंशी-शंभर वर्षांनी तुमच्यासमोर जी रायफल येते, ती यातल्या कुणाच्या हातून गेली, हे तुम्हाला माहीत नसतं. आपल्याकडे जुनी बुलेट घेताना विचारतोच ना, इंजिन कुणी खोललं होतं? तोच प्रश्न.

आता नंबरकडे येऊ.

काडतूस पेटतं तेव्हा थर्टी-ऑट-सिक्समध्ये दाब चौरस इंचावर ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तीसेक पौंड असतो. हा सगळा दाब रिसीव्हर आणि बोल्ट धरून ठेवतात. रिसीव्हर म्हणजे रायफलचा मधला पोलादी सांगाडा. एका बाजूला त्यात नळी फिरवून बसवलेली असते आणि मागून बोल्ट येऊन अडकतो. तुमचा गाल, तुमचा डोळा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

सुरुवातीच्या रिसीव्हरचं पोलाद कमी कार्बनचं होतं आणि वरची कातडी कडक केलेली असायची. ते घडवताना भट्टीत किती तापवायचं, हे कामगार डोळ्यांनी ठरवायचे. तापलेल्या लोखंडाचा रंग बघायचा आणि अंदाज घ्यायचा. वर्षानुवर्षं हात बसलेली अनुभवी माणसं होती ती. पण भानगड अशी, की ढगाळ दिवशी कारखान्यात अंधार असला की तापलेलं लोखंड लगेच लालभडक दिसतं. लख्ख ऊन असलं की तेच लोखंड फिकं वाटतं. मग माणूस म्हणतो, अजून तापलं नाही, राहू दे जरा. पुढे तपासणी झाली तेव्हा कळलं की उन्हाच्या दिवशी तापमान ढगाळ दिवसापेक्षा तीनशे फॅरनहाइट अंशांपर्यंत जास्त जात होतं. काही पोलाद चक्क जळत होतं.

जळलेलं पोलाद वरून चांगलंच दिसतं. रोजच्या दाबाला टिकतंही. पण कधी काडतुसाचं पितळ कच्चं निघालं आणि फाटलं, की वायू मागे रिसीव्हरमध्ये घुसतो. चांगलं पोलाद अशा वेळी फुगतं, वाकतं. हे पोलाद काचेसारखं फुटतं. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या घाईत, असे अपघात झाले आणि मग हे सगळं उघडकीला आलं. भट्ट्यांवर तापमान मोजायची यंत्रं लागली आणि १९१८ मध्ये उष्णतेची प्रक्रियाच बदलली.

म्हणून हे दोन आकडे पाठ करा. स्प्रिंगफील्डच्या रायफलसाठी ८,००,०००. रॉक आयलंडसाठी २,८५,५०७. नंबर याच्या आतला असेल तर तिकडच्या भाषेत ती 'लो नंबर'. कारखान्याचं नाव आणि नंबर रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर कोरलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात रेमिंग्टन आणि स्मिथ-कोरोनाने बनवलेल्या रायफलींचे नंबर तीस लाखांच्या पुढचे आहेत. त्यांना हा प्रश्न नाही.

आणि एक फसवी गोष्ट. नळीच्या तोंडाजवळ महिना आणि वर्ष छापलेलं असतं. विकणारा म्हणतो, "बघा, १९४२!" पण ती तारीख नळीची. सैन्यात नळ्या बदलल्या जायच्या. रिसीव्हर १९१२ चा आणि नळी १९४२ ची असू शकते. नंबर रिसीव्हरचाच बघायचा.

"पण दादा, काकांनी चाळीस वर्षं वापरली ना!" मला माहीत होतं हा प्रश्न येणार. हो, वापरली. दहा लाखांवर लो नंबर रायफली बनल्या आणि त्यातल्या बहुतेक कधीच फुटल्या नाहीत. अडचण अशी आहे की तुमची कुठली, उन्हातली की ढगातली, हे ती न मोडता कळत नाही. चाळीस वर्षांत एकदाही काडतूस फाटलं नसेल, तर त्या रिसीव्हरची परीक्षाच झालेली नाही. ते न दिलेल्या पेपरात पास झाल्यासारखं आहे. कुणी सांगेल, पुन्हा तापवून कडक करून घेतलीय. जळलेलं पोलाद पुन्हा तापवून सुधारत नाही. कुणी सांगेल, हलकी काडतुसं वापर. कच्चं पितळ हलक्या काडतुसातही असू शकतं. सैन्याने स्वतः १९२० च्या दशकाच्या शेवटी ठरवलं की असे रिसीव्हर दुरुस्तीला आले की परत द्यायचे नाहीत. आज जुन्या सैनिकी रायफली नागरिकांना विकणारी तिकडची संस्था, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम, तीही सांगते की लो नंबर रायफलीतून गोळी झाडू नका.

समजा, नंबर बरा निघाला. मग पुढे काय बघायचं? ऐका, क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी, बोल्ट उघडून चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. विकणाऱ्याने "रिकामी आहे" म्हटलं तरी. नळीचं तोंड कुणाकडेही नको. आणि चाप ओढण्याआधी, काही खोलण्याआधी मालकाची परवानगी.

मग भोकं. दुर्बीण बसवायला रिसीव्हरमध्ये भोकं पाडून आट्या केलेल्या असतात. एका रेषेत आहेत का? जास्तीची भोकं बुजवलीयत का? दुर्बिणीचा माउंट काढून बघू द्या म्हणा, खाली काय लपलंय ते कळेल. पुढच्या कड्याच्या आत बोल्टचे खिळे अडकतात, तिथे वेडंवाकडं ड्रिल केलं असेल तर नमस्कार करून निघा.

मग बोल्टचा दांडा. मूळ दांडा दुर्बिणीला अडतो, म्हणून तो तापवून वाकवतात किंवा कापून नवा वेल्ड करतात. चांगला कारागीर बाकी बोल्टपर्यंत आच पोचू देत नाही. वाईट कारागिराने सगळाच तापवला असेल तर कडक केलेले भाग मऊ पडतात. बोल्ट उचलताना खरखरतो का, घासल्याच्या ताज्या खुणा आहेत का, ते बघा.

चाप आणि सेफ्टी. रिकाम्या रायफलचा बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप दाबा, सोडा. आता सेफ्टी काढा. त्या क्षणी खटकन आवाज येऊन पिन सुटली, तर ती रायफल एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. मग सेफ्टी काढलेली ठेवून दस्त्याचा तळ जमिनीवर हलकासा आपटा. तरीही पिन सुटता कामा नये. चाप लोण्यासारखा हलका करून घ्यायची हौस असते लोकांना, तिचा हा परिणाम.

चेंबर. हा मुद्दा लोक विसरतात. त्या काळी चेंबर वाढवून वेगळ्याच काडतुसासाठी करून घ्यायची फॅशन होती. कारागिराने नळीवर नवं नाव कोरलं तर ठीक, पण काही जण कोरत नसत. म्हणजे नळीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर थर्टी-ऑट-सिक्स असं धरून चालू नका. गनस्मिथ कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततो, साचा काढतो आणि मोजतो. त्याच भेटीत हेडस्पेसही तपासून घ्या. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला पुढेमागे किती जागा उरते, ते म्हणजे हेडस्पेस. 'गो' गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो' वर नको. हा फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. या रायफलींच्या बोल्टवर कारखान्यात नंबर मारत नसत, त्यामुळे बोल्ट मूळचाच आहे का हेही बघून कळत नाही. गेज लावायलाच हवं.

नळी. बोल्ट काढा, उजेडाकडे धरा, मागून बघा. पिळदार खाचा धारदार हव्यात. काळे खड्डे दिसले तर कारण बहुधा जुनी काडतुसं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सैन्याच्या काडतुसांतल्या रसायनाने नळीत क्षार उरायचा. त्याच दिवशी पाण्याने धुतली नाही की गंज चढायचा. नळी कापून आखूड केली असेल तर तोंड सरळ कापलंय का तेही बघा.

शेवटी दस्ता. सगळ्यांचा जीव जडतो तो याच्यावर, म्हणून मुद्दाम शेवटी. रिसीव्हरच्या शेपटीमागे बारीक चीर आहे का? परवानगी असेल तर स्क्रू काढून धातू उचला. लाकडाच्या रेषेखाली गंज लपलेला असतो.

किंमतीचं म्हणाल तर एक नियम लक्षात ठेवा. नामांकित कारागिराचं, पुराव्यासकट असलेलं काम सोडलं, तर कापलेली रायफल ही न कापलेल्या मूळ रायफलपेक्षा स्वस्तच असते. "एवढा खर्च केलाय हिच्यावर" हे मालकाचं दुःख आहे, ते तुम्ही विकत घ्यायचं नाही. आणि "परत मूळ रूपात आणू" म्हणाल, तर पाडलेली भोकं परत येत नाहीत.

आता तिकडच्या आपल्या लोकांसाठी कायद्याचं. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. मित्राच्या नावावर घेऊ, असला जुगाड अजिबात नको. तो संघीय गुन्हा आहे. आणि सुट्टीत भारतात येताना रेंजवर नेलेली बॅग आणू नका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूससुद्धा आपल्या विमानतळावर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली तुम्हाला अडकवू शकतं.

बरं, ओहायोच्या मित्राचं काय झालं? त्याने विचारलं, "मग मी नुसतं नको म्हणू की कारण सांगू? त्यांना वाईट वाटेल. नवऱ्याची आठवण आहे." मी म्हटलं, नुसतं नको म्हणालास तर त्या ती पुढच्या रविवारी दुसऱ्याला विकतील. तो चाळीस वर्षांची गोष्ट ऐकेल, खूश होईल आणि नातवाला नेम शिकवायला घेऊन जाईल.

तो गेला. नंबर दाखवला, उन्हाची आणि ढगांची गोष्ट सांगितली. बाई बराच वेळ गप्प होत्या म्हणे. मग म्हणाल्या, "त्याला हे माहीत असतं तर त्याने मुलाच्या हातात कधी दिली नसती." रायफल आता विकायची नाही असं ठरलंय. गनस्मिथकडून पिन काढून घेऊन ती भिंतीवर राहणार आहे.

आपल्या मित्राला रायफल मिळाली नाही. पण रविवारचं जेवण मिळालं, असं त्याने कळवलंय.

तुमच्याकडे अशी कुठली जुनी वस्तू घ्यायचं चाललं असेल तर फोटो पाठवा. नंबर स्पष्ट दिसेल असा पाठवा! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.