वजनाच्या रकान्यात अडुसष्ट

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. मागे घरघर ऐकू येतेय ना, तो पंखा आहे. सायकल नाही. सायकलवर बसून बोलायला दम लागतो, आणि आज जे सांगायचंय ते नीट सांगायचंय. विषय सायकलचा आहे आणि थोडा माझ्या लबाडीचाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटं. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि ती स्मार्ट ट्रेनरवर बसवायची. समोर टीव्ही किंवा लॅपटॉप, त्यात झ्विफ्टसारखं ॲप. तुम्ही बोरिवलीच्या हॉलमध्ये पाय मारताय आणि पडद्यावरचा तुमचा माणूस वाटोपिया नावाच्या एका काल्पनिक बेटावर धावतोय. पुढे चढ आला की ट्रेनर जड होतो. हे २०१४ पासून चालू आहे, पण आपल्याकडे बऱ्याच जणांना त्याचा शोध लागला तो मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. त्याच जूनमध्ये आपल्या लष्करातल्या लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी व्हर्च्युअल ‘रेस अक्रॉस अमेरिका’ केली. बारा दिवस, एका खोलीत, एकाच जागी उभ्या असलेल्या सायकलवर. तिसरे आले. मला तासाभरात कंटाळा येतो!

आता मुद्दा. या रेसमध्ये तुमची ताकद मोजली जाते ती वॉटमध्ये, आणि ती ट्रेनर मोजतो. तिथे थापा मारता येत नाहीत, पाय खोटं बोलत नाहीत. पण तुमचं वजन ट्रेनरला कळत नाही. ते तुम्ही स्वतः टाईप करायचं. प्रोफाइलमध्ये एक साधा रकाना असतो. तुम्ही लिहाल ते वजन.

आणि त्या रकान्यावर केवढं काय काय अवलंबून आहे बघा. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. जाड माणसाला वारा थोडा जास्त अडतो, पण दुप्पट वजनाला दुप्पट वारा असं होत नाही. म्हणून सपाटीवर ज्याचे एकूण वॉट जास्त, तो पुढे. चढावर मात्र प्रत्येक किलो वर ओढून न्यावा लागतो. तिथे बघायचं वॉट भागिले किलो.

उदाहरण घरचंच देतो. मी ७४ किलो. तासभर टिकवता येते ती माझी ताकद २१० वॉट. म्हणजे किलोमागे २.८४. माझी एक मैत्रीण आहे घाटकोपरची, ५२ किलो, १६० वॉट. किलोमागे ३.०८. मी कागदावर हिशेब मांडला, सायकलचं वजन, वारा, टायरचं घर्षण सगळं धरून. सपाटीवर माझा वेग निघतो ३५ च्या आसपास, तिचा ३३-३४. एवढा फरक पुरेसा असतो. एकदा पुढच्यांची आडोशाची जागा सुटली की माणूस गेलाच मागे. पण ८ टक्क्यांचा १२ किलोमीटर चढ लावा, की ती मला दोन मिनिटांनी हरवते.

या ॲपवर आधी गट पाडायचे तेही याच भागाकारावर. अडीच ते ३.२ म्हणजे सी गट. त्यात ती पण आणि मी पण. म्हणजे सपाट रेस लागली की हलक्या पोरींची पंचाईत ठरलेली, आणि चढ लागला की माझ्यासारख्यांची. पुढे गट पाडताना रेसचे निकालही मोजायला लागले, ते बरं झालं. वजनाचा रकाना मात्र आहे तिथेच आहे.

तर लबाडी. आमच्या ग्रुपने एका रविवारी आल्प दू झ्विफ्टवर रेस ठेवली. हा फ्रान्सच्या खऱ्या आल्प द्युएझवरून बनवलेला चढ, २१ वळणं, १२ किलोमीटरच्या वर, उंची हजार मीटरहून जास्त. मला माहीत होतं की मी हरणार.

सुरुवात अगदी निरागस झाली. ऑक्टोबर हीट, घरात एसी नाही, एक टेबलफॅन. आपल्या मुंबईच्या दमट हवेत तासभर ट्रेनर मारला की घामानेच किलोभर उतरतं. खालच्या काकू विचारून गेल्या होत्या, तुमच्याकडे गळती आहे का म्हणून! त्या दिवशी सायकलवरून उतरून मी काट्यावर उभा राहिलो. ७३. तेच टाकलं. खोटं थोडीच होतं? मग वाटलं, काट्यात एखादा किलो इकडेतिकडे असणारच. ७२. मग आठवलं, कॉलेजात मी ६८ होतो. आणि होणारच आहे की परत, डाएट सुरू करतोय ना सोमवारपासून. टाकलं ६८.

२१० भागिले ६८ म्हणजे ३.०९. तिचं ३.०८. हा आकडा मी मुद्दाम काढून बघितला नव्हता, असं म्हणायला मला आवडलं असतं.

रेसमध्ये मी तिला तीनेक मिनिटांनी हरवलं. त्या सहा किलोंनी मला चार-साडेचार मिनिटं फुकट दिली होती. पाय तेच, घाम तोच, ट्रेनर तोच.

खरं सांगू? इथपर्यंत मला फार काही वाटलं नव्हतं. ऑनलाइन गेम आहे, बक्षीस काय तर ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी. मोठ्या पातळीवर असलं चालत नाही, तिथे वजनकाट्यावर उभं राहिलेला व्हिडिओ मागतात. डिसेंबर २०२० मध्ये यूसीआयने पहिली ई-स्पोर्ट्स सायकलिंगची जागतिक स्पर्धा घेतली, ती याच वाटोपियात झाली. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑसबोर्न. हा मूळचा रोइंगवाला, वल्हं मारणारा, आणि तेसुद्धा लाइटवेट गटातला. तिथे रेसआधी काट्यावर चढल्याशिवाय नावेत बसायला मिळत नाही. आमच्या ग्रुपमध्ये काटा कोण मागणार? मैत्रीत कोणी वजन विचारतं का?

तिने विचारलं. रात्री मेसेज आला, ‘भारी रे! एवढं कसं उतरवलंस? काय खातोस सध्या?’

तिथे सांगून टाकायला हवं होतं. मी लिहिलं, ‘रात्रीचं जेवण बंद केलंय.’

पुढच्या दीड महिन्यात तिने रात्रीचं जेवण बंद केलं. ऑफिसमधून साडेआठला घरी, मग ट्रेनर, मग ताक पिऊन झोप. ५२ ची साडेएकोणपन्नास झाली. आणि ताकद १६० वरून १४७ वर आली. भागाकार करा. २.९७. वजन घटलं आणि किलोमागची ताकदसुद्धा घटली. न खाता पाय मारले की शरीर फक्त चरबीच काढतं असं नाही, ते स्नायूही खातं आणि दुसऱ्या दिवशीचा जोरही. तिला वाटत होतं, आपणच कमी पडतोय. याला जमलं, मला का नाही जमत?

हे तिने मला नॅशनल पार्कच्या गेटवर सांगितलं. रविवारी पहाटे ती पवईवरून जेव्हीएलआर, मग हायवे धरून बोरिवलीला येते, आणि आम्ही कान्हेरीपर्यंत जातो. चेहरा उतरलेला होता. म्हणाली, ‘चक्कर येते रे हल्ली ट्रेनमध्ये.’

मी सगळं सांगितलं. ७३, ७२, कॉलेज, ६८, आणि जेवणाचंही. रात्री मी रोज तीन पोळ्या आणि भात खात होतो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘रेसचं जाऊ दे. पण मी विचारलं तेव्हा तरी खरं सांगायचंस ना.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मग ती सायकलवर बसली. कान्हेरीच्या शेवटच्या चढावर, अशक्तपणा असूनही, ती माझ्या पुढेच होती. खऱ्या रस्त्यावर माझे सगळे ७४ किलो माझ्यासोबत होते. वर पोचल्यावर मी डब्यातला शिरा पुढे केला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग डबा घेतला. अर्ध्याहून जास्त संपवला.

त्याच रात्री मी ग्रुपवर कबुली टाकली. त्यावर अजून तिघांनी आपलं खरं वजन लिहिलं. कोणाचं किती ते सांगणार नाही, पण मी एकटा नव्हतो एवढं नक्की. आता आमच्याकडे नियम आहे, चढाच्या रेसआधी सगळ्यांनी त्या सकाळचा काट्याचा फोटो टाकायचा. घाम येण्याआधीचा. आणि सपाट रेस असली की हलक्यांना आधी सोडतो, बाकीचे मागून निघतात. तिची ताकद परत १५५ पर्यंत आली आहे. ती मला माफ करून मोकळी झालीये का, ते मी विचारलेलं नाही.

माझ्या रकान्यात सध्या ७५ आहे. हो, एक वाढलाय. दिवाळीचा फराळ.

चला, भेटू पुढच्या भागात.