दान आणि विवेक : एका पक्ष्याची कथा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर मौना केआ हा उत्तुंग ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावरील वनात पालिला हा पिवळ्या मस्तकाचा लहानसा पक्षी राहतो. मामाने नावाचा वृक्ष हाच त्याचा मुख्य आधार. त्याच्या बिया इतर बहुतेक जीवांना विषारी. पालिला मात्र मुख्यतः त्यांवर जगतो.

१७९३ साली व्हँकुव्हर या इंग्रज कप्तानाने बेटाचा अधिपती कामेहामेहा यास गुरे व मेंढ्या भेट दिल्या. भेट सद्भावनेची होती. पुढे मेंढ्या रानात मोकाट वाढल्या आणि मामानेची रोपे व साल खाऊन त्यांनी वन उजाड केले. १९७८ साली या पक्ष्याच्याच नावाने न्यायालयात दावा दाखल झाला. १९७९ साली मेंढ्या-बकऱ्या हटविण्याचा आदेश झाला आणि पुढे असंख्य मेंढ्या बंदुकीला बळी पडल्या. तरीही आज पालिला हजाराच्या आतच उरले आहेत.

दोष पक्ष्याचा नाही, मेंढीचाही नाही. देताना यतना राहिली नाही आणि त्याचे प्रायश्चित्त मुक्या जीवांना भोगावे लागले. जनावर सोडविणे हे पुण्यच. परंतु त्याच्या चाऱ्या-निवाऱ्याचा आजन्म भार उचलणे, ही खरी जीवदया.

पन्नास वर्षे दानाची परंपरा जपणाऱ्या या ट्रस्टमध्ये प्रत्येक दानापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारला जावो : या देण्याने कोणा जीवाचा आधारवृक्ष तर हिरावला जाणार नाही ना?

जय जिनेंद्र!