डिझेलची बचत : गिअर, टायर आणि वेग



बेळगावहून घाट उतरून गोव्यात भाजीपाला आणणाऱ्या ट्रकचे भाडे बव्हंशी डिझेलवर ठरते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवल्यास हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. सपाटीवर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी होऊन डिझेल वाचते. चढावर मात्र तोच गिअर रेटल्यास इंजिन गुदमरते व काळा धूर ओकते. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविल्यास चढावर ओढ कमी पडते. शिवाय मीटर प्रत्यक्षाहून कमी अंतर दाखवितो, म्हणून ॲव्हरेजचा हिशेब चुकतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही बचत नव्हे; तेथे गिअरमधील इंजिनच ब्रेकला साह्य करते. चालकामागे वेळेचा तगादा लावणाऱ्या मालकांनीही हे ध्यानी घ्यावे.